खंडेनवमीला सुटलेली लाल चिठ्ठी

मित्रांनो, माझ्या मुठीला एक लाल चिठ्ठी बांधलेली आहे. तिच्यावर 'वापरू नये' असे दोनच शब्द आहेत. बघणाऱ्याला वाटते, किती हा अपमान! मला तसे वाटत नाही. ही चिठ्ठी एकदा सुटली होती, आणि ती सुटल्यावर माझ्याकडून जे झाले ते सांगताना आजही माझी मान वर होत नाही.

मी एक जुना टॉर्क पाना आहे. तुमच्या घरी सायकलचा नट आवळायला साधा पाना असेल. तो बिचारा हाताला जेवढा जोर असेल तेवढा आवळतो. मी मोजून आवळतो. माझी मूठ फिरवली की तिच्यावरचे आकडे सरकतात. आकडा लावायचा, मला बोल्टावर बसवायचे आणि सावकाश ओढायचे. बोल्ट हवा तेवढा घट्ट झाला की मी 'टक' असा आवाज करतो. मग थांबायचे. विमानाचा बोल्ट ढिला राहिला तर हादऱ्यांनी सुटतो, आणि जास्त आवळला तर आतून ताणला जाऊन पुढे कधीतरी तुटतो. म्हणून विमानाच्या कामात माझ्यासारख्यांचा शब्द मानतात. तोही एकच शब्द. मला दुसरा येत नाही.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथले मला फारसे आठवत नाही. आठवते ती लाकडी पेटी, तिच्यातले निळे अस्तर आणि तेलाचा मंद वास. पेटी उघडली तेव्हा मी बंगळुरात, विमाने दुरुस्त करण्याच्या एका मोठ्या शेडमध्ये होतो. एक तरुण माझ्यावर वाकून बघत होता. ते आप्पासो चौगुले, कोल्हापूरकडचे. शेडमध्ये सगळे कानडीत नाहीतर इंग्रजीत बोलायचे. आप्पासो माझ्याशी मात्र मराठीत बोलत. "ह्यो टक म्हणाला की बास," असे ते स्वतःलाच सांगत आणि थांबत. कधी अर्धा केसभरसुद्धा पुढे ओढले नाही.

काम संपले की माझा आकडा अगदी खाली उतरवून ठेवायचा, म्हणजे पोटातल्या स्प्रिंगला आराम मिळतो. आप्पासो कितीही घाईत असले तरी आधी मला उतरवत, मग डब्याला हात लावत. वर्षातून एकदा मला तपासणीच्या खोलीत नेत. तिथल्या यंत्राचा आकडा आणि माझा आकडा जुळला की अंगावर तारखेची छोटी पट्टी चिकटवत. ती मी सणाच्या नव्या कपड्यासारखी मिरवत असे.

एकदा तिथले मोठे साहेब म्हणाले, "या शेडमध्ये खोटं न बोलणारे दोघेच. एक चौगुले आणि दुसरा त्यांचा पाना." आप्पासो लाजून खाली बघू लागले. मी मात्र फुगलो. ते फुगणे आठवले की आता नकोसे होते.

वर्षे गेली. आप्पासोंच्या मिशा पिकल्या, शेडमध्ये नवे पाने आले, ज्यांच्या अंगावर आकडे दिव्यासारखे उजळतात. आप्पासो निवृत्त होऊन गावाकडे परतले आणि कोल्हापुरात विमानतळाच्या रस्त्याला, उसाच्या फडांच्या कडेला उघडलेल्या एका संस्थेत शिकवू लागले. तिथे विमानाची देखभाल शिकवतात. जुनी साधने शिकवण्यासाठी द्यायची असे बंगळुरात ठरले तेव्हा आप्पासोंनी पत्र लिहून मला मागून घेतले. मी पुन्हा त्यांच्या हातात आलो.

संस्थेच्या शेडमध्ये एक छोटे जुने विमान आहे. ते आता उडत नाही. मुले त्याला सोडतात आणि पुन्हा जोडतात. भिंतीवर काळी फळी आहे, आणि तिच्यावर प्रत्येक साधनाचा आकार पांढऱ्या रंगाने काढलेला आहे. साधन जागेवर नसले की रिकामा पांढरा आकार दिसतो. विमानात चुकून काही राहून जाऊ नये म्हणून ही रीत. माझाही असा एक आकार होता. शेजारी माझ्यासारखाच दिसणारा दुसरा पाना होता, माझ्याहून पुष्कळ लहान वयाचा.

आप्पासोंची शिकवण्याची पद्धत न्यारी होती. ते मला लगेच मुलांच्या हाती देत नसत. आधी साधा पाना देत, डोळे मिटायला लावत आणि म्हणत, "आवळा. चाळीस झालं वाटलं की बास म्हणा. आधी हाताला इचारायचं, मग ह्याला." नंतर मी खरे काय ते सांगायचो. कुणी पंचवीसलाच बास म्हणे, कुणी साठपर्यंत ओढत नेई, आणि सगळा वर्ग हसे.

त्या वर्गात त्रिशला मगदूम होती. शिरोळकडच्या मळ्यातली मुलगी. घरचा औषध फवारायचा पंप बिघडला की तीच खोलायची. तिचा थोरला भाऊ जिनेश तिला आणायला आला की फाटकातूनच ओरडायचा, "काय पंक्चरवाले, कुठवर आलं तुझं इमान?" आणि ती तिथूनच उत्तर द्यायची, "तुझ्या मोटारसायकलीपेक्षा बरं चालतंय!"

पहिल्या सहामाहीतली एक सकाळ मी विसरणार नाही. आप्पासोंनी आकडा चाळीसला लावून मलाच तिच्या हातात दिले. तिने डोळे मिटले, सावकाश ओढले आणि म्हणाली, "बास." नेमक्या त्याच क्षणी मी म्हणालो, 'टक'. दोन्ही शब्द एकावर एक पडले. आप्पासो म्हणाले, "पोरीच्या हातातच पाना हाय की!" मित्रांनो, इतक्या वर्षांत मला असा सोबती मिळाला नव्हता.

तिला एकच ध्यास होता, बंगळुरात शिकाऊ म्हणून जायचे, आप्पासो होते तशाच शेडमध्ये. संस्थेतून दर वर्षी तिघांना तिथे घेत. तिघांनाच.

आता ती गोष्ट. नवरात्र चालू होते. दुपारच्या तुकडीतला सम्राट विमानाच्या शिडीवर चढून काम करत होता. त्याच्या तेलकट हातातून मी सुटलो आणि सिमेंटच्या जमिनीवर डोक्यावर पडलो. बाहेरून ओरखडासुद्धा उठला नाही. आत मात्र काहीतरी सरकले. मला ते लगेच कळले. सांगणार कसे?

सम्राट बरा मुलगा. तो खाली उतरून सरळ आप्पासोंपुढे उभा राहिला. "सर, माझ्या हातनं पडला."

"सांगितलास ते लई चांगलं केलास," आप्पासो म्हणाले. "पडलेला पाना तपासल्याबिगार वापरायचा न्हाय. चांगला दिसला तरी न्हाय." त्यांनी कपाटातून लाल चिठ्ठी काढली आणि माझ्या मुठीला बांधली. दसरा झाला की मला तपासणीला पाठवायचे ठरले.

दोन दिवसांनी खंडेनवमी आली. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारांची, अवजारांची पूजा करतात. कुणी त्यांना कामाला लावत नाही. चिमणाबाई संस्थेच्या साधनांची खोली सांभाळत. त्यांनी सकाळीच फळीवरची सगळी साधने उतरवली, मऊ फडक्याने पुसली, मोठ्या टेबलावर धुतलेले कापड अंथरून ओळीने मांडली. झेंडूच्या माळा आल्या, नारळ आला. हळदीकुंकू लावत लावत त्या माझ्यापाशी आल्या आणि थांबल्या.

"ह्ये काय? सणादिवशी देवापुढं 'वापरू नये' म्हणून चिठ्ठी?" त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्यानं जलमभर राबायचं आन् पूजंला असं बसायचं व्हय?" त्यांनी चिठ्ठी सोडली आणि हळदीकुंकवाच्या डब्यात ठेवली. मग माझ्या कपाळावर, म्हणजे जिथे मी आपटलो होतो तिथेच, बोटभर कुंकू लावले.

आप्पासोंनी ते पाहिले. रागावले नाहीत. हसले. "मावशी, उद्या आठवणीनं बांधा परत."

"बांधतो की," चिमणाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दसरा होता. सुट्टी. सोने वाटायचे, पाहुणेरावळे करायचे. तिसऱ्या दिवशी सगळी साधने फळीवर गेली. माझाही पांढरा आकार मी भरला. चिठ्ठी डब्यात राहिली, डबा देवाच्या कोनाड्यात गेला. चिमणाबाईंना आठवले नाही, आप्पासोंनाही नाही. कुंकू लावलेला मी फळीवर अगदी चांगला दिसत होतो.

खरे सांगू? मला बरे वाटले होते. चिठ्ठी नसलेला, सगळ्यांसारखा. त्या बरे वाटण्याचीच मला सर्वांत जास्त लाज वाटते.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात नंदिनीताई आल्या. त्या एका विद्यापीठातून संशोधनाला आल्या होत्या. विमानांचे कारखाने म्हणतात, आम्हाला तयार माणसे मिळत नाहीत; आणि शिकून बाहेर पडलेली मुले म्हणतात, आम्हाला काम मिळत नाही. मग मधल्या काळात वर्गात मुले नेमके काय शिकतात, हे त्यांना पाहायचे होते. आल्या त्या दिवशी चिमणाबाईंनी "या पावणं, च्या घ्या आधी," म्हणून त्यांना बसवले. मुली "मी आलो", "मी केलो" असे बोलतात हे ऐकून त्यांना हसू आले. पण दोन दिवसांत त्या स्वतःही एकदा "मी जेवलो" म्हणाल्या आणि सगळा वर्ग टाळ्या वाजवत हसला.

त्यांची चाचणी साधी होती. प्रत्येक मुलाने जुन्या विमानाच्या इंजिनाचे बारा बोल्ट चाळीसच्या आकड्याला आवळायचे. नंतर नंदिनीताई स्वतःच्या यंत्राने ते किती घट्ट झाले ते मोजणार. वर्ग शिकवणाऱ्याने समोर थांबायचे नाही, कारण त्याच्या चेहऱ्याकडे बघून मुले कामे करतात. म्हणून आप्पासो बाहेर, आणि देखरेखीला विजयसिंह सर. ते तरुण होते, पुस्तकाचे पक्के होते. त्यातच संस्थेने ठरवले की बंगळुराच्या तीन जागांची यादीही याच चाचणीवरून करावी. नंदिनीताईंना ते फारसे रुचले नव्हते, पण त्या पाहुण्या होत्या.

त्या सकाळी बाकीच्या मुलांनी आळीपाळीने शेजारचा पाना घेतला. मी पडल्याचे त्रिशलाच्या सकाळच्या तुकडीला कळलेच नव्हते; तिने मला घेतले. मला बघून तिला आनंद झाला हे तिच्या पकडीवरूनच समजले. चाळीसचा आकडा लावला. पहिला बोल्ट. तिने ओढले, आणि तिचा हात 'अजून' म्हणत असतानाच मी म्हणालो, 'टक'.

ती थांबली. माझ्याकडे बघितले. दुसरा बोल्ट. 'टक'. तिसरा. 'टक'.

तिने मला खाली ठेवले. "सर, ह्यो लौकर बोलतोय."

विजयसिंह सरांनी हातातल्या कागदावरून मान वर केली. "काय म्हणजे?"

"चाळीस झालेलं न्हाय सर. हाताला कळतंय की."

"हाताला कळतंय, तर मग पाना कशाला ठेवलाय? पूजेला?" मागची मुले हसली. "पुस्तकात काय लिहिलंय? आवाज झाला की थांबायचं. साधनाला नावं ठेवायची नाहीत."

"सर, एकदा दुसऱ्यानं बघू का?"

"परीक्षेत मधेच पाना बदलायचा? त्रिशला, वेळ चाललाय."

मी तिथेच पडून होतो. माझ्या पोटात सगळे ठाऊक होते. मला 'नाही' म्हणायचे होते, 'पडलो होतो' म्हणायचे होते. माझ्याकडे एकच शब्द होता, आणि तोच खोटा झाला होता. तिने मला पुन्हा उचलले. उरलेल्या नऊ बोल्टांवर मी नऊ वेळा खोटे बोललो, आणि ती प्रत्येक वेळी थांबली. शेवटी शेवटी तिने माझ्याकडे बघणेही सोडले. तरीही जाताना माझा आकडा खाली उतरवून ठेवायला ती विसरली नाही.

संध्याकाळच्या आत निकाल लागला. त्रिशलाचे बाराच्या बारा बोल्ट ढिले. तिच्या कागदावर विजयसिंह सरांनी शेरा लिहिला, 'दोष साधनावर ढकलण्याची सवय.' यादी त्याच दिवशी बंगळुराला गेली. तीत तिचे नाव नव्हते. फाटकात जिनेश उभा होता. त्याने तिच्या तोंडाकडे बघितले आणि तिची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली.

तीन दिवसांनी नंदिनीताई साधनांच्या खोलीतल्या टेबलावर आकडे मांडून बसल्या होत्या. चिमणाबाई चहा घेऊन आल्या. आप्पासो जेवणाचा डबा सोडत होते.

"सर, हे बघा," नंदिनीताई म्हणाल्या. "बाकी मुलांचे आकडे. कुठे अडतीस, कुठे त्रेचाळीस, कुठे एकेचाळीस. माणूस असाच चुकतो, जरा इकडे, जरा तिकडे. आणि ही त्रिशला. बत्तीस, बत्तीस, एकतीस, बत्तीस, बत्तीस... बाराही वेळा तेवढंच कमी. ज्या मुलीला काम येत नाही तिची चूक इतकी नीटनेटकी कशी?"

आप्पासोंचा हात डब्यावरच राहिला. ते माझ्याकडे वळले. फळीवर माझ्या कपाळाला अजून कुंकवाचा डाग होता.

"मावशी," ते अगदी हळू म्हणाले, "ती चिठ्ठी कुठं हाय?"

चिमणाबाईंनी बशी खाली ठेवली. त्यांनी कोनाड्यातला डबा काढला, झाकण उघडले. हळदीने पिवळी झालेली लाल चिठ्ठी आत तशीच होती. "माझ्या हातानं काढलो," त्या म्हणाल्या, आणि खाली बसल्या.

"तुम्ही काढलासा, आन् मी बघितलो," आप्पासो म्हणाले. "बघून हसलो. पोरांना सांगतो पडलेला पाना वापरू नका, आन् मी पूजंला हसलो."

दुसऱ्या दिवशी दोन्ही तुकड्या शेडमध्ये उभ्या केल्या. आप्पासोंनी मला हातात धरून सगळे सांगितले, काहीही न लपवता. बंगळुरातल्या साहेबांचे ते वाक्य मला आठवले, आणि आता त्या दोघांत मी उरलो नव्हतो. विजयसिंह सरांनी स्वतःचा शेरा सर्वांदेखत खोडला आणि म्हणाले, "त्रिशला, तू दुसरा पाना मागितला होतास. मी द्यायला हवा होता." संस्थेने बंगळुराला पत्र पाठवले. उत्तर आले, जागा भरल्या आहेत, पुढच्या वर्षी पाहू.

मित्रांनो, एक वर्ष गेले तर गेले, असे तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो असतो. पण त्या दिवशी आप्पासोंनी त्रिशलाला दुसरा, खरा पाना दिला. आकडा चाळीसला लावला. "मीट डोळे. हाताला इचार."

तिने ओढले. थांबली. "बास," म्हणाली. मग लगेच, "का... अजून थोडं? सर, आता मला कळंना झालंय."

पाना काहीच बोलला नव्हता. तिने डोळे उघडले. आप्पासो पाठ फिरवून फळीकडे बघत राहिले. मी त्यांच्या समोरच होतो.

बारा बोल्ट पुन्हा आवळता येतात. जिचा हात खरा होता तिला मी स्वतःच्या हातावर अविश्वास धरायला शिकवले. नंदिनीताईंनी त्यांच्या प्रबंधात एक वेगळे प्रकरणच यावर लिहिले. कारखान्यांना हवी ती माणसे कुठे हरवतात, याचे एक उत्तर त्यांना इथे सापडले, असे त्या म्हणाल्या. आपले नाव कुठल्यातरी ग्रंथात यावे असे मला तरुणपणी वाटे. आले ते असे आले.

मला तपासणीला पाठवले. माझ्या आतला सांधा आपटून वाकडा झाला आहे, दुरुस्त होणार नाही, असा कागद घेऊन मी परत आलो. शाहूपुरीतल्या भंगारवाल्याकडे मला द्यावे असे कुणीतरी सुचवले. आप्पासो म्हणाले, "न्हाय. ह्यो शिकवायला लागतोय." तेव्हापासून प्रत्येक नव्या तुकडीला आधी मला दाखवतात, आणि मग ही सगळी हकीकत सांगतात. मुले माझ्याकडे बघतात. मी चिठ्ठीआड तोंड लपवतो.

त्रिशला ते वर्षभर रोज येत राहिली. डोळे मिटून, साधा पाना घेऊन, पुन्हा पहिल्यापासून. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. एका दुपारी शेजारच्या पान्याचा 'टक' आणि तिचा 'बास' एकावर एक पडले. मी फळीवरून ऐकले. मला पुष्कळ आनंद झाला, आणि तो शब्द माझा नव्हता याचेही बरे वाटले.

पुढच्या खंडेनवमीला ती निरोप घ्यायला आली. बंगळुराची जागा मिळाली होती. फाटकात जिनेश "चला, इमानवाले!" म्हणून ओरडत होता. टेबलावर साधने मांडलेली होती, झेंडूच्या माळा होत्या. तिने मला उचलले, माझा आकडा तपासला, तो अगदी खाली उतरलेला होता. चिठ्ठीची गाठ सैल वाटली म्हणून सोडून पुन्हा दोन गाठी मारल्या.

"मावशी, आता सोडायची न्हाय हं. देव उठून आला तरी."

"न्हाय सोडत," चिमणाबाई म्हणाल्या. "कुंकू चिठ्ठीलाच लावतो."

आणि त्यांनी खरोखरच लाल चिठ्ठीवर कुंकवाचे बोट टेकवले. लालावर लाल, दिसलेही नाही. तेव्हापासून दर वर्षी तसेच करतात. देवापुढे मी चिठ्ठीसकट बसतो. मला हेच शोभते.

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यापेक्षा पुष्कळ शब्द आहेत. ते वेळेवर वापरा. हातून काही पडले तर सम्राटसारखे सांगा. बांधलेली चिठ्ठी मायेनेसुद्धा सोडू नका. आणि तुमच्या वर्गात, कारखान्यात, घरात कधी कुणी म्हणाली, "ह्यो लौकर बोलतोय," तर एवढे करा. आधी पाना तपासा, मग पोरीला.